एका 'टेक'ची एकसष्ट कार्डं: आंकी सात महिने वापरल्यावर

शांघायला आमच्या समोरच्या दारातल्या निवृत्त बाईंना मी 'आयी' म्हणते. चिनीत मावशीला असंच म्हणतात. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो, म्हणून त्यांना इंग्रजी हवंय आणि मला चिनी. सात महिने झाले, आठवड्यातून तीनदा त्यांच्या स्वयंपाकघरात आंकी हे पाठांतराच्या कार्डांचं अ‍ॅप उघडून बसतो. सगळ्यात जास्त घाम गाळला तो 'टेक' या क्रियापदावर.

आधी कुणीतरी केलेला तयार संच उतरवून घेतला होता. एका बाजूला 'टेक', दुसऱ्या बाजूला 'ना', म्हणजे हातात घेणं. आयींनी तो चटकन पाठ केला आणि रक्तदाबाची गोळी हातावर ठेवून म्हणाल्या, "आय ईट मेडिसिन." चिनीत औषध खातातच: 'छ याव'. मेट्रोत 'बसतात', म्हणून विमानतळाला जायचं तर "आय सिट लाइन टू". वेळ खर्च होतो तो 'ह्वा', कपडे उतरवणं 'थ्वो', फोटो काढणं 'फाय'. इंग्रजीत या सगळ्याला टेक चालतं, आणि त्या कार्डावर यातलं एकही नव्हतं. असे संच घेऊच नका, असं मी कळकळीने सांगेन.

वाट सापडली ती मराठीतून. तुमच्याकडे असं क्रियापद आहे का, असं आयींनी विचारलं. मी 'लागणे' सांगितलं: भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, दिवा लागतो, ती माझी मावशी लागते. त्यांनी वहीत प्रत्येकापुढे वेगळा चिनी शब्द लिहिला, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे शब्द नाही, जोड्या पाठ करायच्या."

तेव्हापासून नुसतं क्रियापद कार्डावर येत नाही. वर चिनी वाक्य, खाली इंग्रजी वाक्य, त्यातलं टेक झाकलेलं. शब्द असा झाकायची सोय आंकीत आहेच. अडलेलं कार्ड लगेच परत येतं, जमलेलं काही आठवड्यांनी. 'टुक' आणि 'टेकन' यांना वेगळी कार्डं केली, कारण चिनी क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही. आतापर्यंत एकसष्ट झाली. ती स्वतः बनवायला वेळ जातो, पण बनवतानाच निम्मं डोक्यात बसतं.

ब्रिंग आणि टेक मात्र अजून अडतं. चिनीत दोन्हीला 'ताय'. इकडे की तिकडे ते पुढचं 'लाय' किंवा 'छ्यू' सांगतं. आपल्याला आणणं-नेणं सहज येतं, पण बोलणारा कुठे उभा आहे हे एका वाक्यातून कळत नाही. म्हणून त्या कार्डांवर मी दोन घरांची चित्रं घातली, एक शांघायचं, एक मेलबर्नचं.

कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर आंकी फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

या आठवड्यात 'टेक आफ्टर' घेतलंय. त्या कार्डावर आयींनी नातीचा फोटो लावायला सांगितला. हनुवटी अगदी त्यांचीच आहे.