चार आण्यांचा टर्बो, बारा आण्यांचा मसाला: अंबडमधल्या एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

होंडा सिटी भारतात १९९८ मध्ये आली आणि २००० साली तिला दीड लिटरचे व्हीटेक (वरच्या फेऱ्यांना झडपा जास्त उघडण्याची होंडाची रचना असलेले) इंजिन मिळाले. १०६ अश्वशक्तीची ही गाडी कागदोपत्री सेडान असली, तरी ज्यांनी तिचा काटा मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपलीकडे नेऊन पाहिला आहे, त्यांच्या लेखी त्या काळात मध्यमवर्गाला परवडलेली ती स्पोर्ट्‌स कारच होती. २००३ मध्ये आलेल्या पुढच्या सिटीची शक्ती ७७ अश्वशक्तीपर्यंत उतरली, म्हणून जुन्या व्हीटेकची ओढ शौकिनांमध्ये आजही टिकून आहे. माझी गाडी २००२ ची, एमएच-१५ क्रमांकाची आणि पहिल्या दिवसापासून घरातलीच. नवी वेगवान गाडी परवडत नाही आणि ही विकवत नाही, अशा अवस्थेत अडकलेल्या माणसाच्या डोक्यात कधी ना कधी टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा, शिरतोच, तसा तो माझ्याही शिरला.

काम नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या दोन गाळ्यांच्या एका गॅरेजला दिले. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एका गाडीवरच्या एका कामापुरत्या आहेत. ठरलेली रक्कम १,२०,००० रुपये आणि मुदत तीन आठवड्यांची होती. प्रत्यक्षात नऊ आठवडे लागले आणि खर्च १,९६,००० रुपयांवर गेला. या वाढीव खर्चाचा सगळा दोष गॅरेजकडे जात नाही. बराचसा माझ्याच अज्ञानाचा आहे, आणि तो कसा, हे पुढे येईलच.

असे काम नाशिकमध्ये करावे की पुण्या-मुंबईला जावे, हा प्रश्न अनेक जण विचारतात. धातुकामापुरते उत्तर सोपे आहे. महिंद्र आणि बॉशच्या कारखान्यांमुळे सातपूर आणि अंबडमध्ये लेथ, लेझर कटिंग आणि जिग-फिक्स्चरची कामे करणारे लहान कारखाने पिढ्यांपासून उभे आहेत, आणि द्राक्षांच्या वायनरींना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्यांमुळे स्वच्छ अरगॉन वेल्डिंग करणारे हातही येथे तयार झाले आहेत. माझ्या गाडीचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या, जोडणारा कारागीर एरवी वाइनच्या टाक्या जोडतो. त्याचा टाका पाहून मी थक्क झालो होतो; मात्र त्याची हीच सवय पुढे आम्हाला नडली.

टर्बो कोणता घ्यायचा, यावरून पहिला मतभेद झाला. गॅरेजने सुचवलेला टर्बो १.३ लिटरच्या डिझेल स्विफ्टवरचा होता, कारण तो कुठेही मिळतो आणि स्वस्त पडतो. परंतु तो ज्या इंजिनासाठी घडवला आहे ते जेमतेम ७५ अश्वशक्तीचे आणि पाच हजार फेऱ्यांच्या आत संपणारे आहे. पेट्रोल इंजिन त्यापुढे जाऊ लागले की त्याची चिमुकली टर्बाइन (धुराने फिरणारे चाक) धुराड्यात बसवलेल्या बुचासारखी वाट अडवते. शिवाय पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच तापलेला, पूर्ण भारावर नऊशे अंशांपर्यंत जाणारा असतो आणि डिझेल टर्बोचे धातू त्या उष्णतेसाठी निवडलेले नसतात. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवरचा के०३ टर्बो १८,००० रुपयांना आणला. तो १.८ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा, तेल आणि पाणी या दोहोंनी थंड होणारा आणि वेस्टगेट (जास्तीचा धूर वळवून दाब आवरणारी झडप) अंगातच असलेला असल्यामुळे कमी खर्चाच्या कामाला सोयीचा पडतो. घेण्यापूर्वी शाफ्ट (मधला दांडा) बोटांनी हलवून पाहावा: आडवा किंचित हलला तर चालते, पण पुढे-मागे सरकता कामा नये आणि पंख्याची पाती बाहेरच्या कवचाला घासल्याची खूण नसावी.

सुपरचार्जरचाही, म्हणजे धुराऐवजी इंजिनाच्या बेल्टवर फिरून हवा कोंबणाऱ्या यंत्राचाही, विचार केला होता. पहिल्या मिनी कूपर एसवर असलेला ईटनचा एम४५ या आकाराच्या इंजिनाला शोभला असता आणि खालच्या फेऱ्यांपासून ओढही मिळाली असती. पण बेल्टची रेष जुळवणारा ब्रॅकेट नव्याने घडवणे आणि इनटेक मॅनिफोल्ड बदलणे आले, तेव्हा तो विचार तिथेच सोडला.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यातून विनाटर्बो निघालेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबण्याचे प्रमाण) टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनापेक्षा जास्त असते आणि त्याचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड मूळ शक्तीच्या हिशेबाने केलेले असतात. इंजिन न खोलता काम करायचे असेल तर दाब कमीच ठेवावा लागतो; आम्ही तो ०.४ बारवर थांबवला. हा आकडा लहान वाटतो, पण वातावरणाचा दाबच मुळात एक बार, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये त्याहून थोडा कमी असतो, हे लक्षात घेतले की इंजिनात चाळीस टक्क्यांहून जास्त हवा कोंबण्याचा हा खटाटोप आहे हे उमगते. त्या हवेला त्याच प्रमाणात पेट्रोल हवे आणि ठिणगी थोडी उशिरा पडायला हवी. या दोन गोष्टी अचूक झाल्या तर जुने इंजिनही निमूटपणे काम करते. त्या चुकल्या तर नॉकिंग (इंधन ठिणगीवाचून स्वतःच भडकणे) सुरू होते आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फुटायला एक चढणही पुरते.

गॅरेजच्या १,२०,००० रुपयांच्या अंदाजात या दोन गोष्टींसाठी होता केवळ १३,००० रुपयांचा जुगाड. होंडाचा संगणक मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो, आणि दाब वातावरणापेक्षा वर गेलेला दिसला की चेक इंजिनचा दिवा लावतो. म्हणून हा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीत एकेरी झडप बसवून त्याला वाढीव दाब दिसूच द्यायचा नाही, आणि टर्बोचा दाब वाढेल तसा पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून न्यायची, अशी ही युक्ती आहे. ती जगभर वर्षानुवर्षे वापरली गेली आहे आणि तिच्यावर गाड्या चालतातही. परंतु तीत ठिणगीची वेळ कोणीच सांभाळत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी कसारा घाट चढताना नेमकी तीच सांभाळावी लागते. मी हा भाग नाकारला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “सर, एवढ्या जुन्या गाडीला एवढं कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता, पण माझ्या मते उलटा होता, कारण नवी गाडी चूक पोटात घालते, जुनी घालत नाही.

मग स्पीडुइनो हा मुक्त स्वरूपाचा, आर्डुइनो मेगा पाटीवर चालणारा संगणक, वेगळे वायरिंग आणि धुरावरून हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा, बॉशच्या सेन्सरचा वाइडबँड मीटर यांना ४२,००० रुपये, मोठे इंजेक्टर आणि पंप यांना १९,०००, जड क्लचला १७,००० आणि बाहेरच्या जाणकाराकडून करून घेतलेल्या मॅपिंगला (संगणकातले पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे जुळवण्याला) ११,००० असे ८९,००० रुपये वाढले. जुगाडाचे १३,००० वाचले. म्हणजे एकूण खर्चात खुद्द टर्बोचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते, फरक इतकाच की येथे मसाला कमी पडला तर कोंबडीच काय, पातेलेही जाते.

गॅरेजच्या बाजूने सांगायचे तर काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासण्यास खळखळ केली नाही, जरी ते मला सुचवावे लागले. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून पाच टक्क्यांच्या आत निघाले. तसे निघाले नसते तर मी तिथेच थांबलो असतो, आणि इतरांनीही थांबावे.

मॅनिफोल्डची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. या इंजिनाचा धूर पुढच्या, म्हणजे रेडिएटरच्या बाजूने बाहेर पडतो, त्यामुळे टर्बो नेमका इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या सांदीत येतो. एसीचा पंखा काढून पातळ बांध्याचा पंखा लावावा लागला, तेव्हा कुठे बोटभर जागा मिळाली. पहिले मॅनिफोल्ड टाक्यांच्या सवयीने ३०४ प्रतीच्या पातळ स्टेनलेस नळीचे केले गेले. दिसायला ते दागिन्यासारखे होते. पण हे स्टील साध्या पोलादापेक्षा तापल्यावर बरेच जास्त पसरते, आणि पातळ नळीवर टर्बोचे वजन लोंबकळत असेल तर तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत ताण नेमका टाक्याच्या कडेला साचतो. सातशे किलोमीटरांत तिसऱ्या नळीला तडा गेला. दुसऱ्या वेळी वाफेच्या पाइपलाइनला वापरतात त्या शेड्यूल ४० च्या, साडेतीन मिलिमीटरहून जाड पोलादी बेंडांचे मॅनिफोल्ड केले आणि टर्बोला खालून आधाराची पट्टी दिली. ते ओबडधोबड आहे, जड आहे, आणि आजतागायत शाबूत आहे. या दुसऱ्या कामाचा एक रुपयाही गॅरेजने घेतला नाही, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

धुराच्या बाबतीत मात्र त्यांनी मला नाहक घोळवले. गाडी हाती आल्यावर चौथ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी असताना मागून निळा धूर येऊ लागला. गाडी चालती असताना तो नाहीसा व्हायचा. “सील गेलंय, टर्बो बदला,” हे उत्तर फोनवरच मिळाले. टर्बोत तेल दाबाने जाते, पण परत येते ते निव्वळ उताराने. त्यामुळे परतीची नळी जाड, सरळ उतरती आणि चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली असावी लागते, नाहीतर तेल टर्बोतच तुंबते आणि चांगल्या सीलमधूनही झिरपते. गाडी जॅकवर घेऊन पाहिली तेव्हा आमची परतीची नळी एका जागी आडवी होऊन पुन्हा वर चढलेली दिसली, आणि चेंबरला पाडलेले छिद्रही खालच्या अंगाला होते. छिद्र वर घेतले, नळी जाड केली, तेल आत नेणाऱ्या वाटेत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवला. धूर त्याच दिवशी थांबला. सीलला काहीही झालेले नव्हते. पाहण्याआधीच भाग बदलायला सांगण्याची ही सवय मला या गॅरेजची सर्वांत मोठी उणीव वाटते.

चालवण्याविषयी. अश्वशक्तीचा आकडा मी देणार नाही, कारण डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चढवलेली नाही आणि अंदाजाने आकडे फेकणारे लोक या छंदात आधीच पुष्कळ आहेत. चौथ्या गिअरमध्ये ६० ते १०० हा वेग गाठायला पूर्वी साडेनऊ सेकंद लागत, आता साडेसहा लागतात. अडीच हजार फेऱ्यांपर्यंत गाडी पूर्वीसारखीच शांत असते, तीन हजारांपासून ओढ जाणवते, आणि व्हीटेकची वरची धाव तशीच टिकून राहते. कसाऱ्याच्या चढणीवर ट्रक ओलांडताना गिअर उतरवावा लागत नाही, याचे सुख शब्दांत सांगणे अवघड आहे.

इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर, काटकसर करू नये. चाळीस अंशांच्या दुपारी शिरलेली हवा या दाबाला टर्बोमधून बाहेर पडताना नव्वद अंशांच्या आसपास पोहोचते, आणि तीच थेट इंजिनात गेली तर मॅपिंग कितीही चांगले असले तरी ठिणगी आणखी उशिरा पाडावी लागते. आम्ही प्लगही एक पायरी थंड प्रतीचे घेतले आणि त्यांची फट ०.७ मिलिमीटरवर आणली. मोठ्या फटीत दाबाखाली ठिणगी विझते. पंपांवर सर्रास मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा नॉकिंगच्या दृष्टीने फायदाच होतो, मात्र त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागते, म्हणून मीटरवर पेट्रोलचे गुणोत्तर न वाचता लॅम्डा (इंधन पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती, तो आकडा) वाचावा. वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी नव्हत्या. त्या मी सगळ्या बदलल्या.

कायद्याबद्दल गॅरेजने अवाक्षर काढले नाही, आणि ही त्यांची दुसरी मोठी उणीव. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी दंडाबरोबर कैदेचीही तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करील. या बाबतीत मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही, त्यामुळे उपदेश करीत नाही. पण पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला हे सांगणे गॅरेजचे काम होते.

धातुकामासाठी मी याच गॅरेजकडे पुन्हा जाईन. मॅपिंग आणि दोषनिदान मात्र त्यांच्यावर सोपवणार नाही, आणि नळ्या कोणत्या वाटेने जाणार हे कागदावर काढून घेतल्याखेरीज चेंबरला ड्रिल लावू देणार नाही. पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा तिथेच जाणार आहे, कारण टर्बोच्या आचेने नव्या पातळ पंख्याचे प्लास्टिकचे कडे एका बाजूने वाकू लागले आहे आणि त्यावर पत्र्याचा आडोसा घालायचा आहे. तो पत्रा किती जाड घ्यायचा, यावर आमचा फोनवर वाद सुरू आहे.