ओंडका सोलायचा तर: लांब दांड्याची पटाशी, दोन मुठींचा सुरा की वाकस?

हत्याराचं नंतर बघू, आधी ओंडका बघा. कापलेल्या टोकाशी साल आणि लाकूड यांच्यामध्ये पटाशी घाला आणि हलकेच उचला. साल सलग सुटून खाली ओलं, बुळबुळीत, पांढरट लाकूड दिसलं तर निम्मं काम झाडानंच केलंय. तिचा भुगा होऊ लागला तर घाम गाळायची तयारी ठेवा.

झाड जोमानं वाढत असतं तेव्हा सालीखालचा वाढीचा थर, म्हणजे कॅम्बियम, नाजूक आणि रसरशीत असतो. साल तिथूनच सुटते. वाढ थंडावलेल्या काळात तोडलेल्या किंवा तोडून वाळत पडलेल्या ओंडक्याला ती घट्ट धरून बसते. म्हणून तोडल्या तोडल्या सोलणं केव्हाही चांगलं. साल ओल धरून ठेवते आणि तिच्या आडोशाला किडे लाकूड पोखरतात.

ताज्या ओंडक्याला माझं मत निःसंशय लांब दांड्याच्या रुंद पटाशीला. पातं सालीखाली सरकवायचं, दांडा जरासा दाबायचा, की हातभर लांबीचे पट्टे सुटून येतात. इथे धार बेताचीच बरी, कारण काम उचकटण्याचं आहे. फार तीक्ष्ण पातं लाकडात रुततं. सोललेला ओंडका कुठेही न तासता गुळगुळीत निघतो. वाळलेल्या सालीपुढे मात्र हिचं काही चालत नाही.

तिथे दोन मुठींचा सुरा लागतो. दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचा, आणि याला धार हवीच. बोथट सुरा घसरतो आणि घात करतो. ओंडका कमरेच्या उंचीवर घेऊन दोन्ही बाजूंनी पाचर मारा, नाहीतर तो लोळतो आणि सगळा जोर वाया जातो. गाठीपाशी लाकडाच्या रेषा वळतात, तिथे उलट बाजूनं ओढून पाहा. काम सावकाश होतं आणि लाकडावर चपटे पैलू उमटतात. आतल्या सालीच्या पट्ट्या राहिल्या तर पुढे तपकिरी पडतात. मला त्या आवडतात. एकसारखा रंग हवा असेल तर पुन्हा एक हात फिरवावा लागेल.

वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) किंवा कुऱ्हाड घरात असते म्हणून आधी तीच उचलली जाते. बुंध्याकडची जाड, भेगाळलेली साल उडवायला ठीक आहे. पण प्रत्येक घाव लाकडात खाच पाडतो, आणि वाकस निसटली की थेट नडगीवर येते. दिसायला राहणाऱ्या खांबाला ती लावू नका.

एकच घ्यायचं असेल तर सुरा घ्या. ताज्या ओंडक्यालाही तो चालतो, वेळ तेवढा जास्त जातो. ताजे ओंडके ढीगभर असतील तर पटाशीशिवाय हात घालू नका. सोललेले ओंडके जमिनीपासून उचलून सावलीत रचा; साल गेली की लाकूड झपाट्यानं वाळतं आणि उन्हात लांबच लांब भेगा पडतात.