चाळिशीत नर्सिंग: नोकरी सोडून की सांभाळून?

आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थला नर्सिंग शिकायला गेल्या तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या, त्यामुळे वयाचं राहू द्या. खरा प्रश्न वेळेचा आहे.

नोकरी सोडलीत तर पगार थांबतो, घरखर्च शिलकीवर येतो. पण अभ्यास सलग होतो.

नोकरी सांभाळून शिकलात तर पैशांची ओढाताण कमी. मात्र शिकताना करायची वॉर्डातली ड्युटी आपल्या सवडीने होत नाही. रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, ती अनियमित लागली तर पूर्ण ६० सेकंद. औषध देताना नाव, डोस, वेळ पुन्हा ताडायची. दिवसभर दुसरीकडे राबून थकलेल्या डोक्याने हे करू नये, असं मला मनापासून वाटतं. थिअरी नोकरीसोबत जमेल. वॉर्ड सुरू झाला की मात्र लांब रजा टाका, नाहीतर नोकरी सोडा.