‘रक्ती हगवणीवर नॅनो-झिंक’: बाटलीवरचं गणित

नागपुरातल्या पशुऔषधांच्या दुकानात काउंटरवर मिळालेली 500 मिलीची बाटली. आत कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून बनवलेलं नॅनो-झिंक, म्हणजे झिंकचे अतिसूक्ष्म कण, लेबलवर ठळक अक्षरांत ‘कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर जैविक उपाय’. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असा दावा करणारी कुठलीही बाटली हाती आली तर हेच गणित मांडून बघा.

लेबलवर झिंक 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार, म्हणजे 1 मिलीत 1 मिलिग्रॅम) आणि मात्रा लिटरभर पाण्यात 1 मिली. म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम झिंक. अर्ध्या किलोचं ब्रॉयलर पिल्लू दिवसाला साधारण 100 मिली पाणी पितं, म्हणजे बाटलीतलं 0.1 मिलिग्रॅम त्याच्या पोटात जातं. तेच पिल्लू 60 ग्रॅम खाद्य खातं. त्यात 80 पीपीएम झिंक धरलं, तर 4.8 मिलिग्रॅम आधीच गेलेलं. त्यावर ही चिमूटभर भर घालून आयमेरिया, म्हणजे रक्ती हगवण करणारा परजीवी, कसा मरणार?

प्रयोग खोटे नाहीत. झिंक ऑक्साइडच्या आणि वनस्पतींच्या अर्कातून बनवलेल्या सेलेनियमच्या नॅनोकणांनी आयमेरियाग्रस्त उंदरांच्या विष्ठेतले ऊसिस्ट (परजीवीची अंड्यांसारखी, कवचातली अवस्था) घटलेले दिसले आहेत. पण तिथे मात्रा वजनावर काढून दिली जाते, पाण्याच्या भांड्यातून अंदाजपंचे नाही. म्हणून बाटलीच्या बाटली ओतू नका. जास्त झिंकने पक्ष्यांचा गिझार्ड (दाणे दळणारं पोट) आणि स्वादुपिंड बिघडतं, आणि सेलेनियमची सुरक्षित मर्यादा तर त्याहून अरुंद.

दुसरी अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. काचेच्या ग्लासात बोअरचं पाणी घेऊन दोन थेंब टाका, तासाभराने तळ बघा. लेझर पॉइंटरचा किरण बाटलीत उजळ दिसतो, म्हणजे आत नॅनोकण आहेतच, असं समजून विक्रेते खूश असतात. नुसत्या कडुलिंबाच्या काढ्यातही तो तसाच दिसतो.

सगळ्यात घातक ओळ लेबलच्या तळाशी, बारीक अक्षरांत आहे: ‘बी-कॉम्प्लेक्सयुक्त’. रक्ती हगवणीवरचं नेहमीचं औषध अँप्रोलियम हे परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. सोबत ही बाटली दिली की बी-कॉम्प्लेक्समधलं बी-1 परत मिळतं, अँप्रोलियम फिकं पडू शकतं आणि खापर ‘औषध जुनं झालं’ यावर फुटतं.

टॉनिक म्हणून, आजार नसताना, आरओच्या पाण्यात द्यायला हरकत नाही. पण त्यासाठी खाद्यातलं साधं मिनरल मिक्स्चर पुरतं. आजारात मेलेलं एक ताजं पिल्लू आणि विष्ठेचा नमुना पशुवैद्यकाकडे न्या. आंधळ्या आतड्यात रक्त भरलेलं दिसलं तर आयमेरिया टेनेला या जातीचा दाट संशय धरावा. अँप्रोलियम 20 टक्के पावडर 100 लिटर पाण्यात 60 ग्रॅम, प्रकोप मोठा असेल तर 120 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. बाकीची पाण्याची भांडी काढून घ्या, पाणी रोज ताजं करा. पावसाळ्यात पाणी पिण्याच्या निपलखालचं ओलं तूस रोज खरवडून बाहेर टाका: ओल, ऊब आणि हवा मिळाली की ऊसिस्ट एक-दोन दिवसांत पिकून संसर्गक्षम होतात, आणि ब्लीचिंग पावडर त्यांचं काही बिघडवत नाही.