आहार मोजणारं अ‍ॅप : दुधातच घोळ

पंचवटीत आमच्याकडे रतिबाचं म्हशीचं दूध येतं. अ‍ॅपमध्ये ‘दूध, एक कप’ टाकलं की ड जीवनसत्त्वाची १०० युनिटं जमा! हा आकडा अमेरिकेतल्या, वरून ड मिसळलेल्या दुधाचा. आपल्याकडे ‘प्लस एफ’ (म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळल्याची खूण) छापलेल्या पिशवीतसुद्धा लिटरला साधारण २०० ते ३०० युनिटं. सुट्या दुधात नगण्यच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची शिफारस रोज ६०० युनिटांची आहे आणि हे म्हणतं मी निम्मी गाठली. कशावर, चहावर? अंड्याचं गणित (एका बलकात सुमारे ४०) मात्र बरोबर. ‘मिसळ’ शोधली तर सॅलड दाखवलं. नाशिककराला! प्रथिनांपुरतं ठेवलंय. दोन तारे.