डबे की फॉल-पिको?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका वहिनींपुढे पेच आहे: हाताशी थोडेच पैसे, तर भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना डबे द्यावेत, की घरी साड्यांचं फॉल-पिको सुरू करावं? ‘घरबसल्या हजारो कमवा’वाले व्हिडिओ बाजूला ठेवून बघू.

भांडवल वरवर डब्यांना कमी. भांडी, शेगडी घरात असतेच. पण धंद्यासाठी 14.2 किलोचं घरगुती सिलिंडर नियमात बसत नाही, 19 किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं; एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीही हवी. शिवाय किराणा रोख आणि मुलांचे पैसे महिनाअखेरीला. म्हणून निम्मे आगाऊच घ्यावेत. पिकोला झिगझॅग मशीन लागतं, साध्यावर ते होत नाही. जुनं चालेल, मात्र चिंधीवर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मग खर्च दोऱ्यांचा आणि रंगीत फॉलचा. (फॉल आधी भिजवून वाळवा, लावल्यावर आटला तर काठ चुरगळतो आणि गिऱ्हाईक तुटतं.)

मेहनतीत तुलनाच नाही. डब्याला खाडा चालत नाही, घरी पाहुणे असोत की अंगात ताप. साडी उद्यावर टाकता येते, लग्नसराई सोडून. उलट डब्यांची आवक बांधलेली, पिकोची हंगामी.

सकाळी पोळ्या लाटायला घरात दुसरे हात असतील आणि दरमहा ठरावीक रक्कम हवी असेल तर डबे, तेही पाच-सहांपासून. लहान मूल असेल, एकटीनंच करायचं असेल तर पिको. शीतलामाता बाजारातल्या एखाद्या साडीवाल्याशी आधी बोलून ठेवा.