७ दिवस फ्री, पण स्क्रीनवर १५,०००! गेटवेचं सबस्क्रिप्शन वापरल्यानंतरचा अनुभव

लातूरात नीटची ऑनलाईन टेस्ट सिरीज चालवतो, महिन्याला २४९ रुपये, पहिले ७ दिवस फ्री. त्यासाठी एका पेमेंट गेटवेची (ऑनलाईन पैसे घेऊन देणारी कंपनी) सबस्क्रिप्शन सोय, म्हणजे दर महिन्याला आपोआप फी कापायची, घेतली, बरेच महिने झाले, आणि आत्ता सपोर्टशी जोरदार वाजलं म्हणून लिहायला बसलो. केवायसी, सेटलमेंट, कमिशन यावर काही लिहीत नाही, ते सगळ्यांनाच माहितीय.

मेन राग मॅंडेटच्या स्क्रीनवर, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी पालक एकदाच पिन टाकून देतात ती. पालक लिंक उघडतात, यूपीआय ऑटोपे निवडतात, आणि ॲपमध्ये मोठ्या अक्षरात काय दिसतं तर १५,००० रुपयांपर्यंत. २४९ कुठंच नाही, ७ दिवस फ्री तर नाहीच नाही. निलंग्याकडचे एक पालक, नुकतीच सोयाबीनची पट्टी खात्यावर आलेली, लगेच फोन, "सर, पंधरा हजार कटत्यात का ओ?" आता फोनवर त्यांना समजावत बसायचं की ती मॅक्झिमम लिमिट हाय, कटणार २४९ च, आणि समजावून बी ते पिन टाकत नाहीत. का टाकावा त्यांनी?

सपोर्टवाले म्हणले आरबीआयचा नियम हाय. अहो, आरबीआयचा १५,००० चा आकडा एवढ्यासाठी की त्याच्या आतली पुढची कपात दरवेळी पिन किंवा ओटीपी न मागता व्हावी, आधी ती लिमिट ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. प्रत्येक मॅंडेटवर तोच आकडा दाखवा असं त्यात कुठंय? यूपीआयमध्ये फिक्स रक्कम पण ठेवता येते. हे सगळं मेलवर लिहून दिलं, तरी तेच उत्तर कॉपी पेस्ट, शेवटी वरच्या माणसाला फोनवर घेतलं तेव्हा सेटिंग त्यांच्याकडूनच बदललं, दहा मिनिटाचं काम! आता स्क्रीनवर २४९ दिसतात आणि "कटत्यात का" वाले फोन जवळपास बंद.

दुसरं, यांच्याकडं ट्रायल असं वेगळं बटण नाही. सबस्क्रिप्शनची स्टार्ट डेट पुढची टाकायची, त्या दिवशी पहिली कपात, मधले दिवस फ्री. पण तारीख लिंक बनवतानाच पक्की होते. सोमवारी लिंक पाठवली आणि वडलांनी रानातून येऊन गुरुवारी उघडली की पोराचे तीन दिवस गेलेच. म्हणून वेबसाईटवाल्या पोराकडून असं करून घेतलं की लिंक विद्यार्थ्यानं बटण दाबल्यावरच तयार होते, तारीख तिथून पुढं मोजायची.

ज्या गोष्टीवर मी सुरुवातीला चिडायचो ती मात्र आता आवडायला लागली. कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला मेसेज जातोच, नियमच हाय तो. मला वाटायचं मेसेज बघून लोक पटापट कॅन्सल करतील. काहींनी केलं पण. पण जे राहिले त्यांच्याकडून "न सांगता पैसे कापले" अशी एक तक्रार नाही, रिफंडचा ताप नाही. पालक स्वतःच्या यूपीआय ॲपमधून मॅंडेट बंद करू शकतात, हे मी आता ॲडमिशनलाच सांगतो, त्यानं भरवसा वाढतो.

तरी पण ट्रायलच्या आधी मॅंडेट मागणं मी आता बंद केलंय. केंद्राच्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ॲप-वेबसाईटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांच्या विरोधातल्या, गाईडलाईन्स आल्यात, नोव्हेंबर २०२३ च्या, त्यात फ्री सबस्क्रिप्शनसाठी पेमेंट डिटेल्स किंवा ऑटो डेबिटची परवानगी जबरदस्तीनं घेणं सबस्क्रिप्शन ट्रॅपमध्ये मोडतं. वाचलं आणि मनाला पटलं. फुकट म्हणायचं आणि पहिल्याच पानावर बँकेची परवानगी मागायची, हे शेतकऱ्याच्या लेकरासोबत करायचं नाही. आता फक्त मोबाईल नंबर घेतो, सहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिंक जाते. पैसे भरणारे थोडे कमी झाले, चालतंय.

रेटिंग ५ पैकी ३, कापलेल्या दोनातला एक निव्वळ त्या १५,००० साठी. तुम्ही घेणार असाल तर केवायसीच्या आधी सेल्सवाल्याकडून मेलवर लिहून घ्या की मॅंडेटच्या स्क्रीनवर नेमकी किती रक्कम दिसणार, आणि स्वतःच्या मोबाईलवरून एकदा करून बघा.